अक्षर सुधारा म्हणून आलेली चौथीतली मुलगी: शाळेतल्या थेरपीचा एक प्रकरण अभ्यास

रेफरल फॉर्मवर एवढंच होतं: अक्षर वाईट, लिहायचा स्पीड फार कमी, पेपर पूर्ण होत नाही, हाताचे व्यायाम सुरू करावेत. शाळेत काम करणाऱ्या माझ्यासारख्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे मुलाला रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणाऱ्यांकडे, सगळ्यात जास्त रेफरल कशाचे येत असतील तर ते अक्षराचेच, आणि त्यात नवल नाही, कारण शिक्षकांच्या हातात रोज येते ती वही. मूल दिवसभर खुर्चीत कसं बसलं, जिना कसा चढलं, पाणी प्यायलं की नाही, हे वहीत उमटत नाही. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितेय, शाळेत थेरपी नेमकी कशाची करायची याबद्दल पालकांचा, शिक्षकांचा आणि खरं सांगायचं तर आमच्या क्षेत्रातल्या लोकांचाही बराच गोंधळ असतो. ओळख पटू नये म्हणून नाव देत नाही आणि काही तपशील बदललेत.

मुलगी नऊ वर्षांची, अभ्यासात हुशार, बोलण्यात चुणचुणीत. निदान लहानपणीच झालेलं, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालीत येणारी अडचण, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया हा मुख्यतः पाय कडक असण्याचा प्रकार. जन्म बराच वेळेआधी झालेला. अशा बाळांमध्ये मेंदूच्या आतल्या द्रवाच्या पोकळ्यांना लागून असलेला भाग फार नाजूक असतो आणि तिथे इजा झाली की पायांकडे जाणाऱ्या तंतूंना फटका जास्त बसतो, कारण ते त्या पोकळ्यांच्या अगदी जवळून जातात, म्हणून पाय कडक आणि हात त्यामानाने बरे. पण बरे म्हणजे अगदी ठीक असं नाही. शिवाय नजरेचे काही तंतूही त्याच भागातून जातात, त्यामुळे चष्म्याचा नंबर वगैरे सगळं व्यवस्थित असूनही गर्दीच्या चित्रातून किंवा भरलेल्या फळ्यावरून हवी ती गोष्ट शोधायला यातल्या काही मुलांना अवघड जातं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चालण्याच्या बाबतीत ती जीएमएफसीएस लेव्हल दोन. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची हालचाल पाच पातळ्यांत मांडणारी ही पद्धत पालिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आणली आणि आता जगभर वापरतात. लेव्हल दोनचं मूल काही न धरता चालतं, पण जिन्याला कठडा लागतो, गर्दीत आणि लांब अंतरावर त्रास होतो, पळणं आणि उडी मारणं जेमतेम. कागदावर हे माइल्ड दिसतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की याच मुलांकडे शाळेत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. व्हीलचेअरवरचं मूल असेल तर निदान रॅम्पचा विषय तरी निघतो, जे मूल स्वतःच्या पायांनी वर्गात येतं त्याला बाकीचं पण सगळं जमतच असणार असं सगळे धरून चालतात.

तिची बाहेर क्लिनिकमध्ये फिजिओथेरपी चालूच होती, स्ट्रेचिंग, पायाचे स्प्लिंट, हाडांच्या डॉक्टरांकडे हिपची नियमित तपासणी, ते सगळं नीट चाललेलं आणि त्यात आम्हाला काही ढवळाढवळ करायची नव्हती. शाळेतली थेरपी म्हणजे तोवर चित्रकलेच्या तासाला तिला वर्गातून काढून थेरपी रूममध्ये न्यायचं, मातीचे गोळे, मणी ओवणं, क्लिपा लावणं असं करून परत आणून सोडायचं. चित्रकला तिचा आवडता विषय होता हे कोणी विचारलंच नव्हतं.

मी आणि शाळेतली फिजिओथेरपिस्ट, आम्ही दोघींनी ठरवलं की इतक्यात हाताला हात लावायचा नाही, आधी तिचा अख्खा दिवस बघायचा, पहिल्या बेलपासून शेवटच्या बेलपर्यंत.

सगळ्यात आधी दिसली ती खुर्ची. तिच्या मानाने उंच, पाय जमिनीपासून लोंबकळत. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की ओटीपोट मागे कलतं, मूल पाठीचा बाक काढून शेपटीच्या हाडावर बसतं आणि हळूहळू पुढे घसरत राहतं. घसरू नये म्हणून ती डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरून बसायची, म्हणजे वही धरायला हात उरलाच नाही, वही सरकायची, ओळ वाकडी जायची, ती खोडायची, परत लिहायची, आणि बाईंना दिसायचं ते घाणेरडं अक्षर. मग फळा. एक शब्द बघायचा, मान खाली, लिहायचा, मान वर, आणि आता आपण कुठे होतो ते शोधायचं, बाकीच्यांची तिसरी ओळ चालू असताना ही पहिल्या ओळीत शब्द हुडकतेय. पुस्तकातून उतरवताना मात्र हाच प्रकार खूप कमी व्हायचा, ही नोंद आम्ही ठळक करून ठेवली, कारण भरलेल्या फळ्यावरून शोधायला अवघड जाण्याचा वर सांगितलेला नजरेचा मुद्दा तो हाच असावा.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मधल्या सुट्टीत सगळी पोरं धाडधाड खाली जातात, ती गर्दी ओसरेपर्यंत ही दारात उभी, मग कठडा धरून एकेक पायरी, खाली पोचून जरा कुठे टेकते तोवर बेल. पीटीच्या तासाला तिचं काम ठरलेलं, स्कोर लिहायचा. आणि शेवटच्या दोन तासांत तर ती जवळजवळ लिहितच नव्हती, डोकं टेबलावर.

पाण्याची बाटली सकाळी भरलेली होती तशीच संध्याकाळी घरी गेली.

हे बाटलीचं फिजिओच्या लक्षात आलं. आधी वाटलं विसरली असेल, पण आईला विचारलं तर म्हणाल्या, 'बाटली रोज भरलेलीच येते हो, घरी आल्या आल्या मात्र घटाघटा पिते आणि डोकं दुखतं म्हणते.' मुलीशी शांतपणे बोलल्यावर उलगडा झाला. टॉयलेट कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, आतली जागा ओली आणि निसरडी, धरायला काही नाही, दाराची कडी वरती, आणि स्प्लिंट घातलेले असताना कपडे काढून परत नीट घालायला तिला इतका वेळ लागायचा की बाहेर मुली दार वाजवायच्या. एकदा वेळेत पोचली नव्हती. तेव्हापासून तिने स्वतःच उपाय काढला होता, पाणी प्यायचंच नाही म्हणजे जायला लागत नाही. नऊ वर्षांच्या मुलीने हे एकटीने ठरवलं आणि कितीतरी महिने पाळलं, कोणाला सांगितलं नाही. अपंगत्व असलेल्या मुलांमध्ये ही गोष्ट अजिबात दुर्मिळ नाही, म्हणून आता कुठल्याही मुलाचं असेसमेंट असलं की टॉयलेटचा प्रश्न मी पहिल्या पानावर घेते. पाणी कमी, त्यात थकवा. सेरेब्रल पाल्सीत चालायला लागणारी शक्ती बाकीच्या मुलांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे दुसऱ्या मजल्याची एक फेरी तिला जेवढ्यात पडते तेवढ्यात दुसरं मूल ग्राउंडवर मनसोक्त खेळून येईल. अशा अवस्थेत शेवटच्या तासाला अक्षर चांगलं यावं ही अपेक्षाच कशी करायची.

आता आईचं म्हणणं. त्या नऊ वर्षं या सगळ्यात आहेत, थकलेल्या आहेत पण हार मानलेली नाही. त्यांचा आग्रह एकच, शाळेतले थेरपीचे तास वाढवा, रोज करा. पहिल्या मीटिंगमध्ये आम्ही खुर्ची आणि टॉयलेटवर बोलायला लागलो तेव्हा त्या जरा चिडल्याच, म्हणाल्या, 'मॅडम, खुर्ची तर सुतार पण बदलेल, तुम्ही तिच्या हातात ताकद आणा ना.' हा राग मला पूर्ण समजतो. जितके तास जास्त तितकं मूल बरं होईल असं पालकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलेलं असतं. आम्ही त्यांना काय सांगितलं ते थोडक्यात लिहिते. क्लिनिकमधली थेरपी शरीरावर काम करते, स्नायू, सांधे, ताकद, आणि ती चालूच राहायला हवी. शाळेतल्या थेरपीचं काम वेगळं, शाळेच्या दिवसात जे बाकीची मुलं करतात ते या मुलाला करता आलं पाहिजे, मग त्यासाठी मुलाला काही शिकवावं लागो, वस्तू बदलावी लागो नाहीतर मोठ्या माणसांची सवय बदलावी लागो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या आयसीएफ चौकटीतही अपंगत्वाकडे असंच बघितलंय, शरीराबरोबर सहभाग आणि आजूबाजूची परिस्थिती हेही त्यात धरलेत. आणि दुसरं, इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला होता, त्यात मुलाला जे काम जमवायचंय त्याचाच सराव करून घेणाऱ्या पद्धती पुराव्यावर टिकल्या, आणि थेरपिस्टने हातांनी हालचाल करवून घ्यायच्या जुन्या काही पद्धती टिकल्या नाहीत. म्हणजे जिना चढायला शिकायचं तर जिन्यावर, लिहायला शिकायचं तर लिहूनच. मणी ओवून मणी ओवणं सुधारतं.

वर्गशिक्षिकेची काळजी वेगळी होती. एका मुलीला वेगळी खुर्ची, वेगळा कागद दिला तर बाकीचे पालक विचारतील, आणि वर्गात एवढी मुलं असताना हिच्यासाठी रोज वेगळं काही करायला वेळ कुठून आणू. दुसरा मुद्दा अगदी खरा होता. म्हणून आम्ही एक नियम करून घेतला, बाईंच्या रोजच्या कामात भर पडेल असा एकही उपाय यादीत ठेवायचा नाही.

आणि मुलगी काय म्हणाली? तुला काय जमावंसं वाटतं असं विचारल्यावर तिने अक्षराचं नाव पण घेतलं नाही. 'ताई, मला सुट्टीत सगळ्यांबरोबर खाली पोचायचंय, मी जाईपर्यंत खेळ ठरून गेलेला असतो, मग मला नुसतं बघत बसायला लागतं.'

तेच पहिलं ध्येय झालं. दुसरं टॉयलेट आणि पाणी, तिसरं लेखी काम पूर्ण होणं, चौथं पीटीच्या तासात खेळणं. मोजायला गोल अटेनमेंट स्केल घेतली, १९६८ मध्ये किरेसक आणि शर्मन यांनी मानसिक आरोग्य सेवांसाठी केलेली पद्धत आहे ती, आता सगळीकडे चालते. आजची स्थिती उणे दोन, अपेक्षेपेक्षा कमी सुधारणा उणे एक, अपेक्षित स्थिती शून्य, अपेक्षेपेक्षा चांगली अधिक एक आणि अधिक दोन, आणि प्रत्येक पायरी आधीच शब्दांत लिहून ठेवायची म्हणजे नंतर 'सुधारणा आहे' असं मोघम बोलायला जागाच राहत नाही.

खुर्चीचं काम सगळ्यात पटकन झालं. पाय टेकतील अशी छोटी खुर्ची, पायाखाली लाकडी ठोकळा, सीटवर न घसरणारी मॅट, आणि टेबल कोपराच्या जरासं वर येईल असं. गुडघा, घोटा, कंबर साधारण काटकोनात हे ढोबळ माप, पण आखडलेल्या स्नायूंच्या मुलांना कंबर थोडी उघडी ठेवावी लागू शकते, ते मुलाला बसवून बघूनच ठरवायचं. डावा हात मोकळा झाला आणि वहीवर आला, कोणी सांगावं लागलं नाही.

फळ्याचं पण सोपं निघालं, बाई ज्या नोट्स बघून फळ्यावर लिहायच्या त्याचीच एक प्रत तिच्या टेबलावर. जवळून बघून ती बऱ्यापैकी वेगात उतरवते हे आम्ही पाहिलेलंच होतं. खरं तर फळ्यावरून उतरवण्यात शिकण्यासारखं नेमकं काय आहे हा प्रश्न मला सगळ्याच मुलांच्या बाबतीत पडतो, पण तो विषय आत्ता नको.

अक्षराचा सराव मात्र खरंच लागणार होता. ठरवून केलेला, रोज थोडा, लिहिण्याचाच. अक्षरावरच्या उपचारांचा २०११ चा एक आढावा आहे, त्यात दिसलं की ज्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता किंवा सरावाची सत्रं २० पेक्षा कमी होती ते उपयोगी पडले नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा थेरपी रूमऐवजी रोज वर्गातच, सगळी मुलं शुद्धलेखन करतात त्या वेळात, तिच्या अडचणीची अक्षरं, ज, झ, क्ष, आणि जोडाक्षरं. वळणाची अक्षरं तिला जास्त जड जात होती. पेन्सिल पकडण्याच्या पद्धतीला आम्ही हात लावला नाही. आईला ते खटकत होतं कारण ती चार बोटांनी धरते, पण बोटांच्या ज्या चार पकडी मोठ्या मुलांमध्ये नेहमी दिसतात त्यांच्यात स्पीड आणि वाचनीयतेचा फारसा फरक संशोधनात आढळलेला नाही, मग दुखत नसेल तर चौथीत पकड बदलायचा हट्ट कशाला.

टॉयलेटवर सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन्ही बाजूंना आडवे दांडे, कडी खाली, फरशी कोरडी ठेवायची जबाबदारी ठरवून दिली, आणि एका टॉयलेटच्या बाहेर छोटा स्टूल म्हणजे बसून कपडे नीट करता येतील. दांडे बसवायला परवानगी, माप, गवंडी यात आठवडे गेले, त्या काळात ती तात्पुरती स्टाफ टॉयलेट वापरायची. आईने कमरेला इलॅस्टिक असलेला युनिफॉर्म शिवून घेतला, बटण आणि हुकमध्ये जाणारा वेळ वाचला, हा बदल अगदी साधा आणि सगळ्यात परिणामकारक. मी तिच्याबरोबर तिथेच कपडे वर-खाली करायचा सराव घेतला, एक हात दांड्यावर, मग दुसरा, कुठल्या क्रमाने केलं की तोल जात नाही हे तिनेच शोधलं, मी फक्त प्रश्न विचारत गेले. आणि एक परवानगी, तास चालू असताना हात वर न करता उठून जायचं. गर्दी नाही, दार वाजवणारं कोणी नाही. मग पाणी, प्रत्येक तासाला थोडं थोडं.

जिन्याचं काम फिजिओने घेतलं. आधी वर्गच खाली आणा असं सुचवून झालं, वर्षाच्या मध्यात ते होणार नाही असं उत्तर आलं. मग खरोखरच्या जिन्यावर सराव, आधी रिकाम्या, नंतर मुद्दाम दोन-चार मुलं आजूबाजूला असताना, बरोबर खुर्चीतून उठणं-बसणं, पायरीवर चढ-उतार असे ताकदीचे व्यायाम. दप्तर वर-खाली न्यायचंच नाही, पुस्तकांचा एक संच वर्गात. आणि सुट्टीच्या पाच मिनिटं आधी ती एका मैत्रिणीबरोबर निघणार, मैत्रीण रोज वेगळी. ही शेवटची कल्पना वर्गशिक्षिकेची, आणि सगळ्या प्लॅनमधली सर्वात चांगली, कारण आता मुली त्या पाच मिनिटांसाठी नंबर लावतात, आणि ही खाली पोचते तेव्हा खेळ कोणता ते या दोघी ठरवतात.

काही गोष्टी जमल्या नाहीत. लिहायला उतरता बोर्ड दिला होता, त्याने मनगट छान राहायचं पण तिला तो नको होता, सगळे बघतात म्हणाली, तो परत घेतला. पेन्सिलची रबरी ग्रिप दोन दिवसांत दप्तराच्या तळाशी. सुरुवातीला शाळेने एक मदतनीस ताई तिच्या शेजारी कायम बसवल्या होत्या, चांगल्या मनाने, पण बाकीची मुलं तिच्याशी बोलायचीच कमी झाली. मोठं माणूस सतत चिकटून असलं की मुलाचं काय होतं हे जांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवून दिलंय, मूल परावलंबी होतं, सोबती दुरावतात, आणि वर्गशिक्षकही हळूहळू जबाबदारी सोडतात. ताईंना वर्गाच्या मागे बसून सगळ्याच मुलांना मदत करायला सांगितलं, हिने बोलावलं तरच हिच्याकडे यायचं. पीटीचं ध्येय अर्धवट राहिलं, फेकाफेकीच्या खेळांत ती आता असते, पळायच्या खेळांत सर अजून स्कोरवरच बसवतात, त्यांच्या मनातली ती पडेल ही भीती अजून गेलेली नाही आणि ती आम्ही नीट हाताळायला हवी.

वर्ष संपताना हिशोब असा: सुट्टीत वेळेवर पोचणं अधिक एक. टॉयलेट आणि पाणी अधिक दोन, बाटली रिकामी घरी जाते आणि डोकेदुखीची तक्रार जवळपास बंद. लेखी काम शून्य, म्हणजे अपेक्षित तेवढं. अक्षर वाचता येतं, स्पीड वाढला पण वर्गाच्या मागेच आहे आणि तसाच राहील असं मला वाटतं, परीक्षेत तिला जादा वेळ मिळतो आणि पेपर पूर्ण होतो. पीटी उणे एक. हा प्लॅन सुरू झाल्यापासून थेरपी रूममध्ये ती फार थोड्या वेळा आली आणि चित्रकलेचा एकही तास बुडला नाही. आईंनी शेवटच्या मीटिंगमध्ये तास वाढवायचा विषय काढला नाही, त्यांनी विचारलं की पाचवीत हे सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागेल का.

लागेल, कारण पाचवीत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. त्यासाठी मुलीने स्वतः एक पान लिहिलंय, मला काय जमतं, कशाला वेळ लागतो, काय करू नका, ते पहिल्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना जाईल. वर्ग तळमजल्यावर मिळेल असं शाळेने लेखी दिलंय. उंची वाढायच्या वयात हाडं आधी वाढतात आणि आखडलेले स्नायू मागे पडतात, चालणं परत जड होऊ शकतं, म्हणून खुर्ची-टेबलाचं माप आणि जिना दर सत्राला पुन्हा बघायचा, आणि क्लिनिकच्या फिजिओला आमच्या नोंदी पाठवायच्या. टायपिंग सुरू केलंय, घरी रोज थोडं, पण कीबोर्ड हातापेक्षा वेगात चालायला बरेच महिने लागतात, तोवर वर्गात आणायचा नाही. सहामाहीनंतर दोन्हीचा स्पीड मोजू आणि मोठे उत्तर कशाने लिहायचं ते तिच्यासोबत बसून ठरवू.